जुन्या मोटारीला दम कां लागला?

मोटार या वाहनाशीं आमचा संबंध आजवर मागच्या आसनावर बसून खिडकीबाहेर पाहण्यापुरताच होता, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. तीस-बत्तीस वर्षें आम्हीं शाळेंत संस्कृत शिकविलें. रथाचीं चक्रें, अक्ष आणि सारथि यांचीं वर्णनें मुलांकडून पुष्कळ पाठ करून घेतलीं. पण बॉनेट उघडून आंत डोकावण्याचा प्रसंग कधीं आला नव्हता. तो आला साठी उलटल्यावर, आणि तोहि विलायतेंत. त्याची हकीकत येथें देण्याचें कारण एवढेंच कीं, आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं वडिलांच्या हातची एखादी जुनी मोटार, निदान एखादी जुनी स्कूटर, जिन्याखालीं उभी असते, आणि 'हिच्यांत आतां कांहीं राहिलें नाहीं' असा निकाल तिच्यावर कोणीतरी मोठ्या आत्मविश्वासानें देऊन ठेवलेला असतो.

आमचे वडील बंधु १९७१ सालीं इंग्लंडांत गेले आणि शेफील्ड शहरीं डॉक्टर म्हणून स्थायिक झाले. त्या काळीं आपल्याकडचे अनेक डॉक्टर तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेंत असेच दाखल झाले होते. पहिल्या कांहीं वर्षांच्या शिलकेंतून दादांनीं एक दोन आसनांची, उघड्या टपाची एम. जी. बी. मोटार विकत घेतली. 'दोन आसनें आपलीं, मग मूल कोठें बसवायचें?' असा प्रश्न वहिनींनीं तेव्हांच केला होता, आणि त्याचें उत्तर आपणांस अद्याप मिळालेलें नाहीं, असें त्या हंसत हंसत सांगतात. २०१८ सालीं दादा गेले. घर आणि मोटार मुलाकडे आली. वहिनी मुलासुनेजवळच राहतात. २०२३ सालच्या उन्हाळ्यांत आम्ही दोन महिने त्यांच्याकडे राहावयास गेलों, तेव्हां ही मोटार विकण्याचें ठरलें होतें.

ज्या वाचकांस या गाडीची ओळख नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द. एम. जी. बी. ही मोटार ऑक्सफर्डनजीक ॲबिंग्डन या गांवच्या कारखान्यांत १९६२ पासून १९८० पर्यंत तयार होत असे, आणि तिच्या निरनिराळ्या प्रकारांच्या मिळून पांच लाखांहून अधिक गाड्या तेथून बाहेर पडल्या. १,७९८ घनसेंटिमीटरांचें चार सिलिंडरांचें इंजिन, त्याच्या कुशीस 'एस. यू.' जातीचे दोन कार्ब्युरेटर, आणि नवेपणीं सुमारें ९५ अश्वशक्ति, एवढाच तिचा संसार. आजची एखादी साधी प्रापंचिक मोटारहि याहून अधिक जोर दाखविते. परंतु ही गाडी हलकी, जमिनीलगत बसलेली, आणि रस्त्यावर जें कांहीं चाललें असेल तें सर्व चालकाच्या हातापायांस कळविणारी आहे. दादांच्या गाडीचा जन्म १९७२ चा, म्हणजे आम्ही तिच्यांत बसलों तेव्हां तिनें पन्नाशी उलटली होती.

शेफील्डहून पश्चिमेस मँचेस्टरकडे एक जुना रस्ता जातो. लेडीबॉवर नांवाच्या जलाशयापासून पुढें तो 'स्नेक पास' हा घाट चढतो. माथा समुद्रसपाटीपासून पांचशें मीटरांहून किंचित् अधिक. आंबेनळीचा घाट पाहिलेल्या मनुष्यास हें लहान मूल वाटेल; पण चढ लांबलचक आणि एकसारखा आहे, आणि भोंवतीं नुसतें वाऱ्यानें झोडपलेलें माळरान. दादा रविवारीं वहिनींस घेऊन या घाटानें जात, माथ्यावर गाडी उभी करून थर्मासमधला चहा पीत आणि परत येत. त्यांच्या मागें मुलानें आईसाठीं हा क्रम चालूं ठेवला होता. दोन वर्षांपासून मात्र गाडी अर्ध्या चढावर गळाठूं लागली. गांवांत ठीक, सपाटीवर ठीक; चढावर दोन-तीन मिनिटें नेटानें चालली कीं जोर ओसरे, इंजिन आंचके देई, मागून येणाऱ्या मोटारी कर्णे वाजवीत, आणि शेवटीं रस्त्याच्या कडेस उभें राहावें लागे.

पुतण्यानें गाडी एका दुरुस्तीच्या कारखान्यांत नेली. तेथें प्रथम प्लग बदलले, मग ठिणगीच्या यंत्रणेचे भाग बदलले, मग कार्ब्युरेटर खोलून नवे केले. दर वेळीं गाडी कारखान्याच्या अंगणांत उत्तम चाले आणि घाटांत पुनः बसे. अखेरीस तेथील मुख्य कारागिरानें, सकाळीं गाडी चालूं करतांना निघणाऱ्या निळ्या धुराकडे बोट दाखवून, 'इंजिनच झिजलें आहे, तें सबंध उतरवून नवें बांधावें लागेल' असें सांगितलें, आणि चार हजार पौंडांचा अंदाज लिहून दिला. पुतण्याच्या मुलीचें त्याच वर्षीं विद्यापीठांत नांव घालावयाचें होतें. त्यानें हिशेब केला आणि गाडी जशी आहे तशी, झिजलेली म्हणून, अर्ध्या किंमतीस देऊं केली. गिऱ्हाईक पंधरा दिवसांनीं यावयाचें होतें. वहिनी यावर कांहींच बोलल्या नाहींत. 'मुलाचें बरोबर आहे, भाऊजी,' एवढेंच त्यांनीं आम्हांस सांगितलें, आणि त्या वरणाला फोडणी देण्यास वळल्या.

आम्हांस मोटारींतलें कळत नसलें तरी अनुमानांतलें थोडें कळतें. निळा धूर आहे, म्हणून इंजिन झिजलें आहे, हें अनुमान ऐकतांच आमच्यांतला जुना मास्तर जागा झाला. पर्वतावरील धुराचा दृष्टांत न्यायशास्त्राच्या पहिल्या पाठांतला. पण त्याच शास्त्रांत पुढें हेत्वाभास सांगितले आहेत, आणि तेथपर्यंत जाण्याचा धीर फार थोड्यांना असतो. पुतण्यास आम्हीं विचारलें, "अरे, निळा धूर म्हणजे तेल जळत आहे ना?" तो म्हणाला, "होय काका." "मग तें तेल ज्वलनाच्या जागीं किती वाटांनीं येऊं शकतें?" त्यानें शोध करून सांगितलें कीं, दोन वाटा मुख्य आहेत: दट्ट्याच्या रिंगा झिजल्या तर खालून, आणि झडपांच्या दांड्यांभोंवतींच्या नळ्या सैल झाल्या तर वरून. वरून थोडें तेल झिरपल्यानें सकाळीं धूर निघेल, पण घाट चढण्याची ताकद त्यानें जाणार नाहीं. म्हणजे कारागिराचा हेतु सव्यभिचारी ठरला. तो खोटें बोलत होता असें नव्हे. त्याला एक खूण दिसली आणि तिच्या ओळखीचा पहिलाच रोग त्यानें तिला चिकटविला. वैद्यांकडूनहि असें होतें.

मग आम्ही काका-पुतणे कागद-पेन्सिल घेऊन बसलों. आपल्या आयुर्वेदांत रोग ओळखण्याचीं पांच साधनें सांगितलीं आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. त्यांतला उपशय आम्हांस फार आवडतो. रोग गूढ असेल तेव्हां एखादा उपचार अल्प प्रमाणांत करून पाहावा आणि कशानें बरें वाटतें यावरून रोग ताडावा, असा त्याचा आशय आहे. पुतण्या संगणकाच्या धंद्यांतला. त्याला हें लगेच पटलें; त्यांच्याकडेहि एका वेळीं एकच गोष्ट बदलून पाहण्याची चाल आहे म्हणे. कारखान्यांत झालेली चूक हीच होती कीं, आधीं बदललें आणि मग विचार केला.

इंजिनाच्या जोरास चार गोष्टी लागतात: हवा, पेट्रोल, वेळेवर ठिणगी आणि पुरेसा दाब. पांचवी गोष्ट इंजिनाबाहेरची, ती म्हणजे जोर वाटेंत कोणी खात नाहीं ना. ब्रेक अडकून चाक घासत असेल तर इंजिन बिचारें निर्दोष असूनहि शिव्या खातें. ही शेवटची परीक्षा सर्वांत स्वस्त म्हणून प्रथम केली. एक फेरी मारून चारी चाकांच्या मध्यभागास हात लावून पाहिला, कोणतेंहि जास्त तापलेलें नव्हतें. नंतर पुतण्यानें पाय पूर्ण दाबला असतां कार्ब्युरेटरांतील झडपा पूर्ण उघडतात कीं नाहीं, तें आम्हीं वाकून पाहिलें. त्या उघडत होत्या. (ही गोष्ट हास्यास्पद वाटेल, पण तार ताणल्यामुळें अर्धीच झडप उघडते आणि लोक सबंध इंजिन उतरवितात, अशीं उदाहरणें पुष्कळ असल्याचें पुतण्यास आढळलें.) ठिणगीची वेळ लुकलुकत्या दिव्यानें पाहिली, वेग वाढतांच ती जशी पुढें सरकावयास हवी तशी सरकत होती.

आतां राहिला मुख्य आरोप, झिजेचा. त्यासाठीं दाबमापक नांवाचें एक लहानसें घड्याळ मिळतें. तें शेजाऱ्याकडून मागून आणलें. इंजिन तापवून, चारी प्लग काढून, ठिणगीची तार सोडवून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून इंजिन नुसतें फिरवावयाचें आणि प्रत्येक सिलिंडरांत दट्ट्या हवेला किती दाबतो तें वाचावयाचें. येथें आंकड्यापेक्षां आंकड्यांतला फरक बोलका असतो. एकच सिलिंडर दुबळा निघाला तर त्यांत चमचाभर तेल घालून पुनः मोजावें. तेलानें दाब वाढला तर रिंगा झिजल्या, न वाढला तर झडप नीट बसत नाहीं. शेजारशेजारचे दोन दुबळे निघाले तर त्यांच्यामधील पत्र्याची गादी फुटलेली असण्याचा संभव. आमचे चार आंकडे आले ते असे: १५५, १५०, १५५ आणि १५०, सर्व दर चौरस इंचास पौंड. पन्नास वर्षांच्या इंजिनाला याहून चांगलें प्रशस्तिपत्र तें कोणतें?

पुतण्या बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिला. "म्हणजे काका, इंजिन चांगलें आहे?"

"तें आम्ही म्हणत नाहीं. झिजल्यामुळें जोर गेला असें म्हणण्यास आधार नाहीं, एवढेंच म्हणतों."

त्यानें त्याच रात्रीं गिऱ्हाइकास आठ दिवस थांबण्यास कळविलें.

दुसऱ्या दिवशीं घाटांत जावयाचें ठरलें. गाडींत आसनें दोनच, तेव्हां वहिनींनीं जावें आणि त्यांनीं नुसतें पाहावें व ऐकावें, अशी आम्हीं सूचना केली. पुतण्या म्हणाला, "आईला यांतलें काय कळणार?" आम्हीं त्यास दटावलें. चाळीस वर्षें जो मनुष्य रोग्याच्या शेजारीं बसला आहे त्याला न विचारतां केलेलें निदान तें कसलें? दोघे परत आले तेव्हां पुतण्याजवळ तीन टांचणें होतीं. पहिलें, जोर चढ सुरू झाल्यापासून सुमारें अडीच मिनिटांनीं ओसरला. दुसरें, त्याच क्षणीं चोक थोडा ओढला असतां गाडी किंचित् सांवरली. तिसरें, इंजिन बंद करून कडेस दोन मिनिटें उभें राहिल्यावर गाडी पुनः तितकीच मिनिटें ताजीतवानी चालली.

वहिनींजवळ एकच टांचण होतें. "भाऊजी, हे किल्ली फिरवीत तेव्हां मागें टकटक होई आणि लगेच थांबे. ती थांबली कीं हे गाडी चालूं करीत. आज मात्र घाटांत उभें राहिल्यावर ती पुष्कळ वेळ चालूं होती, आणि फार सावकाश. टक... टक... अशी. ती गेलीं दोन वर्षें तशीच होते. मला वाटलें, म्हातारी झाली म्हणून."

ही टकटक काय तें सांगावयास हवें. या गाडींत पेट्रोलचा पंप विजेवर चालतो आणि तो मागच्या उजव्या चाकाजवळ बसविलेला असतो. त्यांतला पडदा मागें-पुढें होतांना टक् असा आवाज येतो. किल्ली फिरवतांच तो पेट्रोल पुढें ढकलूं लागतो; कार्ब्युरेटरांच्या दोन वाट्या भरल्या कीं त्यांतले तरंगते गोळे वाट बंद करतात आणि पंप थांबतो. टाकी रिकामी असेल किंवा कोठें हवा शिरत असेल तर पंप भरभर टकटकतो, कारण त्याला विरोधच नसतो. पुढची वाट कोंदली असेल तर तो सावकाश, कष्टानें टकटकतो. वहिनींनीं ऐकली ती दुसरी टकटक होती.

आतां चारी गोष्टी एका सूत्रांत बसल्या. नुसतें उभें असतां या इंजिनाला तासास एखादा लिटर पेट्रोल पुरतें. पूर्ण जोरानें चालतांना पंचवीस-तीस लिटरांच्या हिशेबानें लागतें. वाट अर्धवट कोंदली असेल तर अंगणांत तें कधींच कळणार नाहीं. चढावर मात्र खर्च आवकेहून अधिक होतो, वाट्यांतली शिल्लक दोन-अडीच मिनिटांत आटते, मिश्रणांत हवा जास्त आणि पेट्रोल कमी होतें, आणि इंजिनाचा प्राण कासावीस होतो. चोक ओढल्यानें पेट्रोलचें प्रमाण वाढतें म्हणून क्षणभर बरें वाटतें. हा आमचा उपशय. थांबल्यावर वाट्या पुनः भरतात म्हणून विश्रांतीनें बरें वाटतें. झिजलेल्या रिंगा दोन मिनिटांच्या विश्रांतीनें भरून येत नसतात. ठिणगीचें वेटोळें तापून असें झालें असतें तर तेंहि इतक्या लवकर निवलें नसतें. ज्या संसारांत महिनाअखेर पगार संपतो त्यांतल्या माणसांना ही संप्राप्ति समजण्यास जड जाऊं नये.

कोंडी कोठें, तें शोधणें आतां सोपें होतें. इंजिन थंड असतां, गाडी उघड्यावर उभी करून, जवळ विझविण्याचें नळकांडें ठेवून (पेट्रोलशीं खेळतांना ही काळजी न घेणारा मनुष्य शहाणा नव्हे), कार्ब्युरेटराशीं येणारी रबरी नळी सोडविली, तिचें तोंड मोजपात्रांत धरलें आणि पंप चालविला. धार प्रथम चांगली आली, मग करंगळीएवढी झाली, मग दोऱ्याएवढी. मिनिटभरांत पावशेर, म्हणजे जेमतेम पाव लिटर जमलें. मग ती रबरी नळी मागच्या टोंकालाहि सोडवून, गाडीखालून येणाऱ्या धातूच्या नळीचीच धार मोजली. मिनिटांत लिटरभर! टाकी निर्दोष, पंप निर्दोष, लांबलचक धातूची नळी निर्दोष. दोष सारा त्या वीतभर रबरी तुकड्यांत.

पुतण्यानें तो तुकडा उभा चिरला. बाहेरून काळाभोर, गुळगुळीत, नव्यासारखा. आंत मात्र अस्तर सुटून त्याची एक जीभ लोंबत होती. धार मंद असे तोंवर ती बाजूस पडून राही. धार वाढली कीं प्रवाहाबरोबर उचलून वाट बुजवी. कार्ब्युरेटर दोनदां खोलणाऱ्यांनीं दोन्ही वेळां हीच नळी पुसून परत लावली होती. नव्या नळीचा खर्च चहापाण्याइतका झाला.

रबर असें कां सुटलें, याचें उत्तर काळ आणि पेट्रोल या दोघांनीं मिळून दिलें असावें असें आम्हांस वाटतें. ब्रिटनमध्यें सप्टेंबर २०२१ पासून पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्यें दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळूं लागले. त्यापूर्वी तें पांच टक्क्यांपर्यंत असे. इथेनॉल हा मद्यार्क आहे. जुन्या जातीच्या रबरास तो फुगवितो, मऊ करतो, पुढें सुटा करतो. शिवाय तो पाणी ओढून घेतो, त्यामुळें फार दिवस उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी आंतून गंजते. तिकडे महाग प्रतीचें, पांच टक्क्यांच्या मर्यादेचें पेट्रोल अजून मिळतें आणि जुन्या मोटारींस तेंच घालावें असा सल्ला देतात. नवी नळी घेतांना पुतण्यानें तिच्यावर 'आर-९' असा छाप पाहून घेतला. ही जात इथेनॉलला टिकते. आपल्याकडे तर २०२५ सालीं पेट्रोलमध्यें वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचें प्रमाण गांठलें गेलें. तेव्हां ज्यांच्या घरीं विसाव्या शतकांतली स्कूटर किंवा मोटार अजून चालते, त्यांनीं तिच्या रबरी नळ्या एकदां वांकवून, दाबून पाहाव्या, आणि शंका आल्यास बदलाव्या. आम्हीं परत आल्यावर आमच्या जिन्याखालच्या स्कूटरची बदलली. जुनी चिरून पाहण्याचा मोह आवरला नाहीं. ती आंतून चांगली निघाली.

त्या रविवारीं पुतण्या आणि वहिनी स्नेक पासला गेलीं. आम्ही सुनेच्या गाडींतून मागोमाग होतों. लाल ठिपका चढावर पुढें पुढें जात दिसेनासा झाला, आणि आम्ही माथ्यावर पोंचलों तेव्हां वहिनी डोक्यास रुमाल बांधून, वाऱ्याकडे पाठ करून थर्मास उघडीत होत्या. पुतण्या गिऱ्हाइकास नकार कळवीत होता. तेथें फोन नीट लागत नव्हता म्हणून तो रस्त्यावर इकडून तिकडे हिंडत होता. सकाळीं गाडी चालूं करतांना निळा धूर मात्र अजून येतो. पुढच्या हिंवाळ्यांत झडपांचें तें काम काढावें असा त्याचा विचार आहे, आणि त्याची आई म्हणते, घाई नाहीं.